माणसाचा चेहरा आणि त्याची परिस्थिती



वसंतातील व्याख्यानांना राजकारण, साहित्य, अध्यात्म हे विषय नेहमीचे असतात. आजचा विषय त्या मानाने साधा दिसेल, कारण तो आपण प्रत्येकजण बरोबर घेऊनच येथे आलेले आहात. तो म्हणजे आपला चेहरा. प्रश्न असा आहे की, चेहऱ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजू एकमेकींशी किती जुळतात, आणि त्या जुळण्यावर माणसाच्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीचा काही परिणाम होतो काय? श्रीमंताच्या घरी वाढलेल्या मुलाचा चेहरा अधिक प्रमाणबद्ध, आणि दारिद्र्यात वाढलेल्याचा थोडा वाकडा, असे काही असते काय?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात 'नाकीडोळी नीटस' हे शब्द आपण सहज वापरतो. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या चेहऱ्यावरून मत बनवतो. 'चेहराच सांगतो कोण आहे ते' असे म्हणून एखाद्याला चोर ठरवतो, एखाद्याला खानदानी. चेहरा वाचता येतो ही आपली जुनी समजूत आहे. सामुद्रिकाचे सगळे शास्त्र तिच्यावरच उभे राहिले. तेव्हा चेहऱ्यावर नेमके काय लिहिलेले असते आणि काय नसते, हे एकदा नीट पाहून घेणे बरे.

प्रथम एक छोटा प्रयोग सांगतो. ओळखपत्रासाठी समोरून काढलेला आपला एखादा फोटो घ्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकाच्या मध्यरेषेवर एक लहान आरसा उभा धरा. आरशात डाव्या अर्ध्याचे प्रतिबिंब पडून पूर्ण चेहरा दिसेल. मग आरसा उलटा फिरवून उजव्या अर्ध्याचा पूर्ण चेहरा करा. हे दोन चेहरे एका माणसाचे वाटणार नाहीत. फार तर सख्ख्या भावांचे वाटतील. एक थोडा रुंद, दुसरा निमुळता; एकाची भुवई चढलेली, दुसऱ्याची उतरलेली. यात घाबरण्यासारखे काही नाही. ज्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या आहेत असा माणूस जगात नाही. राजाचा चेहरा असा नसतो आणि हमालाचाही नसतो.

गणितात ज्याला सममिती म्हणतात, तिच्यापासून शरीर तीन प्रकारांनी ढळते. पहिला प्रकार ठरलेला आहे: हृदय डावीकडे झुकलेले, यकृत उजवीकडे. सर्वांचे तसेच. दुसऱ्या प्रकारात दोन बाजूंपैकी एक मोठी असणार हे निश्चित, पण कोणती ते निश्चित नाही. काही खेकड्यांची एक नांगी मोठी असते. कोणाची डावी, कोणाची उजवी. तिसरा प्रकार आपल्या कामाचा. यात डावे-उजवे असा काही नियमच नाही. कोणाचा उजवा कान किंचित वर, कोणाचा डावा. आणि पुष्कळ लोकांची सरासरी काढली तर फरक शून्याच्या जवळ येतो. याला आपण अनियत असमता म्हणू.

ही अनियत असमता शास्त्रज्ञांना का महत्त्वाची वाटली? कमानीच्या दोन बाजू दोन गवंडी एकाच नकाशावरून बांधत आहेत अशी कल्पना करा. नकाशा एक, विटा एकाच भट्टीतल्या. तरी बांधून झाल्यावर दोन बाजूंत बोटभर फरक पडला, तर तो नकाशाचा दोष म्हणता येणार नाही. बांधकाम चालू असताना काहीतरी घडले असले पाहिजे: कधी चुना कमी पडला, कधी पाऊस आला, कधी हात थकला. चेहऱ्याच्या दोन बाजूंचा आनुवंशिक नकाशाही एकच असतो. म्हणून त्यांच्यातील फरक हा वाढीच्या काळात शरीराने सोसलेल्या धक्क्यांची नोंद असावा, असा तर्क निघाला. धक्के म्हणजे अन्नाची टंचाई, ताप, जंतुसंसर्ग, विषारी द्रव्ये. आणि हे धक्के गरिबाच्या घरी अधिक बसतात हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून पुढचा तर्क असा की, गरिबाच्या चेहऱ्यात ही असमता अधिक सापडावी.

तर्क सुंदर आहे. परंतु तर्क सुंदर असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही. तो मोजून पाहावा लागतो.

तुर्कस्तानात अंकारा शहरातील झोपडपट्टीत राहणाऱ्या आणि बऱ्या स्थितीतील वस्तीत राहणाऱ्या तरुण मुलामुलींचे चेहरे मोजले गेले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झोपडपट्टीतील मुलांच्या चेहऱ्यांत असमता अधिक आढळली. म्हणजे तर्काच्या बाजूने एक साक्ष मिळाली.

दुसरी साक्ष स्कॉटलंडची. तेथे 1921 साली जन्मलेल्या मुलांची 1932 साली शाळेत बुद्धिमापन चाचणी झाली होती. त्यांतील जे वृद्धापकाळापर्यंत जगले त्यांचा एडिंबरो येथील संशोधकांनी पुन्हा शोध घेतला. अशा 292 वृद्धांच्या अभ्यासात, त्र्याऐंशीव्या वर्षी काढलेल्या फोटोंवरून त्यांच्या चेहऱ्याची सममिती मोजली, आणि बालपणीची घरची परिस्थिती काय होती तेही पाहिले. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचे बालपण हलाखीत गेले त्यांच्या चेहऱ्यात असमता काहीशी जास्त होती. मौज पुढेच आहे. मध्यम वयात माणसाने किती कमावले, किती वर चढला, याचा मात्र चेहऱ्याच्या सममितीशी संबंध दिसला नाही. जणू हिशेबाची वही बालपणीच मिटलेली होती.

येथेच थांबलो असतो तर व्याख्यान संपले असते आणि आपण 'होय, परिस्थितीचा परिणाम होतो' असे म्हणत घरी गेला असता. पण तिसरी साक्ष उलट आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात जन्मलेल्या हजारो मुलांची प्रकृती जन्मापासून नोंदवली जात होती. त्यांतील 4732 किशोरवयीनांच्या चेहऱ्यांचे लेझर किरणांनी त्रिमितीय मापन झाले आणि त्यांच्या बालपणीच्या आजारांच्या नोंदींशी ते पडताळले गेले. 2014 साली उत्तर आले: बालपणीच्या आजारपणाचा आणि चेहऱ्याच्या असमतेचा संबंध सापडत नाही. बालपणी बसलेला धक्का चेहऱ्यावर नोंदला जातो, या मधल्या दुव्यालाच हा हादरा आहे. मापन अधिक अचूक, माणसे कितीतरी पट अधिक, आणि दुवा मात्र गायब.

निष्कर्षांत एवढा फरक का पडतो? याचे एक उत्तर जळगावहून फार दूर नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील गाभाऱ्यात बुद्धाची मोठी मूर्ती आहे. दिवा एका बाजूने धरला की मुखावर स्मित दिसते. दुसऱ्या बाजूने धरला की गंभीर भाव. समोरून धरला की ध्यानस्थ शांती. वाटाडे हे दाखवतात आणि पाहणारा थक्क होतो. मूर्ती दगडाची आहे, ती काही हलत नाही. हलतो तो प्रकाश. फोटोवरून चेहरा मोजतानाही हेच होते. मान जराशी वळली, दिवा एका अंगाने आला, ओठावर हसू उमटले, की जी असमता चेहऱ्यात नाही ती फोटोत येते. मोजायचा फरक इतका बारीक असतो की मोजण्यातील चूक त्याला सहज गिळून टाकते.

दुसरी गोष्ट सरासरीची. ही खानदेशात केळीच्या भाषेत सांगणे सोपे. समजा, एका बागेतील घडाचे सरासरी वजन शेजारच्या बागेपेक्षा अर्धा किलो जास्त भरले. ही बातमी खरी असेल. पण बाजारात पडलेला एक घड उचलून, केवळ वजनावरून, 'हा अमुक बागेचा' असे कोणी सांगेल काय? दोन्ही बागांत हलके घड असतात आणि भारीही असतात. चेहऱ्यांचेही असेच. दोन वस्त्यांच्या सरासरीत थोडा फरक सापडला, तरी समोर बसलेल्या एका माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचे बालपण वाचता येत नाही. जो वाचतो असे म्हणतो, तो चेहरा वाचत नसतो. अंगावरचे कपडे, बोलण्याची धाटणी आणि हातावरचे घट्टे वाचत असतो.

श्रोतेहो, आतापर्यंत मी शास्त्राची एक बाजू सांगितली. आता दुसरी सांगतो; कारण चेहऱ्याच्या या मोजमापाला एक काळा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एका मराठी स्त्रीने फार धीराचे काम केलेले आहे.

इटलीतील लोंब्रोझो या वैद्याने 1876 साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो आणि त्याच्या शरीरावर तशी चिन्हे असतात. त्या चिन्हांच्या यादीत चेहऱ्याची असमता होती. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन ती विद्यार्थ्यांशी व सैनिकांशी पडताळली आणि 1913 साली दाखवून दिले की, गुन्हेगारांचा असा वेगळा शारीरिक नमुना नसतोच. परंतु अशा कल्पना पुस्तकातून गेल्या तरी कचेरीतून लवकर जात नाहीत. आपल्या देशात 1871 सालच्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा चेहरा पाहून केलेला नव्हता, पण त्यामागचा विचार त्याच कुळीचा होता: माणूस काय करतो ते पाहायचे नाही, तो कोणाच्या पोटी आला ते पाहायचे. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे तो टिकला आणि 1952 साली रद्द झाला. त्या जमातींचे लोक आपल्याही गावांच्या कडेला राहतात, आणि कायदा गेल्यावरही संशय गेलेला नाही हे आपण जाणतो.

लोंब्रोझोने असमतेला गुन्हेगारीची खूण म्हटले. आता गंमत पाहा. पुढे बर्लिनमध्ये एका मोठ्या पंडिताने त्याच असमतेला श्रेष्ठत्वाची खूण म्हटले! त्यांचे नाव ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता व वंशसुधारणा यांच्या अभ्यासासाठी बर्लिनमध्ये 1927 साली जी संस्था स्थापन झाली, तिचे ते प्रमुख. त्यांची कल्पना अशी की, गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी असमित असते, आणि हे त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय. हे सिद्ध करण्यासाठी कवट्या मोजणे भाग होते. काम एका विद्यार्थिनीकडे आले.

ती विद्यार्थिनी म्हणजे इरावती कर्वे. 1905 साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, इरावती नदीचे नाव मिळालेल्या, महर्षी कर्वे यांच्या स्नुषा, आणि पुढे 'युगान्त' लिहून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेल्या इरावतीबाई. मुंबईत घुर्ये यांच्याजवळ अभ्यास करून त्या बर्लिनला गेल्या. तेथे त्यांनी 149 कवट्या मोजल्या. काही युरोपियनांच्या, काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतींमधून आणलेल्या. डावी बाजू, उजवी बाजू. एकेका कवटीची कितीतरी मापे. आणि निष्कर्ष लिहिला तो असा की, कवटीच्या असमतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

या वाक्याचे मोल आज चटकन ध्यानात येणार नाही. परका देश, परकी भाषा, गव्हाळ वर्णाची पंचविशीच्या आतली तरुणी, आणि समोर पदवी देणारे गुरू. त्यांची कल्पना खरी ठरली असती तर संस्थेत कौतुक झाले असते. मापे जरा इकडची तिकडे करायला कोणी अडवणार नव्हते. बाईंनी मापे जशी आली तशी मांडली. पदवी मिळाली, श्रेणी मात्र खालची मिळाली. 1930 साली त्या परत आल्या. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलरचे राज्य आले, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि त्या संस्थेतील पंडितांची विद्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला व वंशद्वेषाच्या कायद्यांना आधार म्हणून वापरली गेली. नाक-डोळ्यांच्या मोजमापातून किती भयंकर अनर्थ होऊ शकतो, हे जगाने पुढे पाहिले.

ध्यानात घ्या, मोजपट्टी दोघांजवळही होती. फिशर यांना उत्तर आधी ठाऊक होते आणि आकडे नंतर हवे होते. इरावतीबाईंनी आकडे आधी पाहिले. शास्त्र आणि शास्त्राचे सोंग यांतील अंतर एवढेच आहे.

इरावतीबाईंचा पुढचा प्रवास तर आपल्या खानदेशापर्यंत येतो. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींच्या लोकांची शारीरिक मापे घेतली. तो ग्रंथ 1951 साली निघाला. बाईंच्या या साऱ्या अभ्यासातून असे दिसले की, एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती शरीराने एकमेकींच्या जवळ असतीलच असे नाही. म्हणजे 'अमक्या जातीचा चेहरा' म्हणून आपण जे ठामपणे बोलतो, त्याला मोजपट्टी दुजोरा देत नाही.

आणि मग 1961 साली त्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला: पश्चिम खानदेशातील भिल्लांविषयी. पश्चिम खानदेश म्हणजे तेव्हाचा धुळे जिल्हा, ज्यातून 1998 साली नंदुरबार वेगळा झाला. ग्रंथाचे स्वरूप काय? सामाजिक आणि आर्थिक पाहणी. बर्लिनमध्ये कवटीची डावी-उजवी बाजू मोजून ज्यांनी अभ्यासाला आरंभ केला, त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन माणूस कसा जगतो हा प्रश्न पुढे ठेवला. त्यांचे सहकारी दांडेकर यांचाही मार्ग असाच. जातींच्या शारीरिक मापांचे गणित मांडणारे हे गृहस्थ पुढे नीलकंठ रथ यांच्यासह 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासाकडे वळले. 1971 सालच्या त्या अभ्यासात त्यांनी माणशी दिवसाला 2250 उष्मांक मिळवून देणारा खर्च हे दारिद्र्याचे माप धरले. नाकाच्या मापापासून भाकरीच्या मापापर्यंतचा हा प्रवास मला फार बोधप्रद वाटतो. जे नाक सांगू शकले नाही, ते भाकरीने सांगितले.

आता कोणी विचारील, मग गरिबीची खूण चेहऱ्यावर उमटतच नाही काय? उमटते. अगदी ठळक उमटते. फक्त ती शोधायला सूक्ष्ममापक लागत नाही.

दुभंगलेल्या ओठाचे उदाहरण घ्या. गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात चेहऱ्याची मांडणी होते. कपाळाकडून एक, गालांकडून दोन, खालच्या जबड्याकडून दोन, असे पाच उंचवटे वाढत वाढत एकमेकांना येऊन मिळतात. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधला जातो, टाळू बाराव्यापर्यंत. हा सांधा राहिला तर मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मते. जगात सुमारे सातशे जन्मांमागे एक, असे हे प्रमाण आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि गरोदरपणातील धूम्रपानासारख्या कारणांचाही. आपल्याकडे मात्र दोष येतो आईवर: ग्रहणात काहीतरी चिरले, म्हणून मुलाचा ओठ चिरला. ज्या बाईला ग्रहणात कोपऱ्यात बसवतात ती बहुधा पाच-सहा महिन्यांची गरोदर असते. पोट दिसू लागलेले असते म्हणून तर बसवतात. त्या वेळी बाळाचा ओठ सांधून किंवा राहून कित्येक आठवडे झालेले असतात. विळीचा आणि ओठाचा काही संबंध नाही. ग्रहण आकाशातले, खटला मात्र सुनेवर.

हा व्यंग श्रीमंताच्या घरीही होतो. फरक पुढे पडतो. श्रीमंताच्या बाळाचा ओठ तीन-चार महिन्यांचे असताना शिवला जातो, टाळू वर्ष-दीड वर्षात. मोठेपणी एक बारीक रेघ उरते. मिशीखाली तीही दिसत नाही. गरिबाचे मूल तसेच वाढते. दूध नाकातून येते, अंग धरत नाही, उच्चार कळत नाहीत, शाळेत चिडवतात, शाळा सुटते, लग्न जमत नाही. गर्भात पडलेली फट दोघांची सारखीच होती. ती आयुष्यभर उघडी ठेवली ती परिस्थितीने.

पंढरपुरात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले शल्यविशारद डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी हेच ओळखले. अपघाताने शरीर अधू झालेले, कर्करोगाने आवाज हिरावून घेतलेला, अशा स्थितीत हा मनुष्य दरवर्षी भारतात येऊन गावोगावच्या शिबिरांत मोफत शस्त्रक्रिया करीत राहिला. हजारो मुलांचे ओठ त्यांनी शिवले. 2001 साली त्यांना पद्मश्री मिळाली; 2011 साली ते गेले. शिबिराच्या मांडवात एका सकाळी मुलाचा चेहरा बदलतो. त्याच्या बापाची मिळकत त्या दिवशी एका रुपयानेही वाढलेली नसते. परिस्थितीचा चेहऱ्यावर परिणाम होतो, आणि समाजाने मनात आणले तर तो पुसताही येतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण 'तोंडावरून वारे जाण्याचे'. चेहऱ्याच्या स्नायूंना चालवणारी नस सुजली की अर्धा चेहरा लुळा पडतो. डोळा मिटत नाही, तोंड वाकडे होते. यातील पुष्कळ रुग्ण बरे होतात, आणि पहिल्या तीन दिवसांत योग्य औषध सुरू झाले तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. हेच वाकडे तोंड मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्यामुळे असेल तर दिवसांचाही अवधी नसतो. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध द्यावे लागते. आता धडगावच्या डोंगरातल्या पाड्यापासून मोठ्या इस्पितळापर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 साली झाले, जळगावला 2018 साली. ही केवळ शिक्षणाची सोय झाली असे समजू नका. किती वाकडी तोंडे सरळ होणार, किती तशीच राहणार, याचा निर्णय अशा इमारतींच्या अंतरावर होत असतो.

तिसरे उदाहरण आपल्या खिशातले. तंबाखूची गोळी ज्या गालात धरून ठेवायची सवय, बहुधा त्याच गालात चट्टा उठतो आणि पुढे तेथेच कर्करोग होतो. मग जबडा काढावा लागतो, आणि चेहऱ्याची एक बाजू कायमची बसते. ही असमता ना वंशाची, ना नशिबाची. रात्रपाळीत झोप मारण्यासाठी, भूक मारण्यासाठी चिमूट तोंडात टाकणाऱ्या कष्टकऱ्याला ती आधी गाठते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. तिचे काय झाले ते आपण पाहतोच.

आणि धंद्याची खूण तर अशीही असते. अमेरिकेतील एका मालमोटार चालकाचा फोटो 2012 साली वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरली होती. उजवी बाजू त्या मानाने तरुण. खिडकीची काच उन्हातील अतिनील किरणांचा एक भाग आत येऊ देते, आणि तो कातडी जून करतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. रावेर-यावलची केळी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्याला हे ऊन उजव्या गालावर झेलायचे असते. आपण मात्र केळी घेतो तेव्हा तिच्यावर डाग नाही ना, एवढेच पाहतो.

तेव्हा, श्रोतेहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते. वाढीच्या वयातील हलाखी चेहऱ्याच्या सममितीवर अगदी पुसट छाप ठेवत असावी, असे काही अभ्यास सुचवतात. ती इतकी पुसट आहे की सर्वांत मोठ्या मोजणीत तिच्यामागचे कारण सापडले नाही, आणि एका माणसाबद्दल तिच्यावरून काहीही सांगता येत नाही. कुळ, जात, बुद्धी, चारित्र्य यांपैकी कशाचीही ती खूण नाही. परंतु न शिवलेला ओठ, वेळेत औषध न मिळालेले वाकडे तोंड, तंबाखूने खाल्लेला गाल या खुणा खऱ्या आहेत. त्या चेहऱ्यावर असल्या तरी त्यांचे मूळ चेहऱ्यात नाही. ते गरोदर बाईच्या ताटात आहे, गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या पालात आहे, दवाखान्याच्या अंतरात आहे. महाराष्ट्रात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. उंची मोजायला भिंतीवरची एक पट्टी पुरते. जी टंचाई मुलाच्या उंचीत एवढ्या उघडपणे दिसते, ती त्याच्या भुवयांच्या फरकात शोधत बसण्याचे कारण काय?

आपण एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहणे काही सोडणार नाही, आणि सोडूही नये. फक्त पाहताना एवढे करावे. वाकडे तोंड दिसले की 'हा कोण?' असे मनात येते. त्याऐवजी 'याला वेळेवर काय मिळाले नाही?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चेहऱ्यावर मिळत नाही. दुसऱ्याचे मिळते, आणि त्यावर काही करताही येते. आपल्या ओळखीत, गल्लीत, शेतावर काम करणाऱ्यांच्या घरात एखादे दुभंगलेल्या ओठाचे मूल असेल. त्याच्या आईवडिलांना हे बरे होते हे कदाचित कोणी सांगितलेलेच नसेल. हे व्याख्यान ऐकून आपल्यापैकी एकाने जरी ते सांगितले आणि त्या मुलाला धुळ्याला किंवा जळगावला दवाखान्यात नेले, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.